पोटातल्याचं पागोटं

मोहाडीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. कापड दिसलं की माझा हात आधी तिकडे जातो आणि तोंड त्याच्या मागोमाग सुरू होतं. धाकट्या भावाच्या तेरवीला मामानं पागोट्याचं कापड आणलं, तेव्हाही तेच झालं. अंगणात मांडव, घरात रडारड, आणि मी बोटांत धरून कापड चाचपत होते. खळ घालून कडक केलेलं, अंगाला टोचेल असं. मामा कापडात काटकसर करणार हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, पण त्या दिवशी ओठांवर आलेलं मी गिळलं.

आमच्या घरात माणूस गेला की तेरवीला त्याच्या वारसाला पागोटं बांधतात. कापड मामाच्या घरून येतं आणि बांधतोही मामाच. बांधून झालं की घरातले सगळे, वयानं कितीही मोठे असोत, त्या पागोट्यापुढे वाकतात. त्यावर कुठला सरकारी शिक्का नसतो, पण आंधळगावाकडच्या आमच्या गावात त्यानंतर कोणी विचारत नाही की गेलेल्याचं शेत कोणाचं.

माझा धाकटा भाऊ बोडीवर गेला. बोडी म्हणजे धानाच्या वावरांच्या वरच्या अंगाला असलेलं छोटं तळं. रोवणं आटोपलं होतं आणि नेमकी तेव्हाच पावसानं दडी मारली. धान वाळायला लागलं म्हणून हा बोडीवरची मोटर सुरू करायला गेला आणि तारेला चिकटला. लग्न होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. माझ्या भावजयीला पाचवा महिना नुकताच लागला होता.

माझे बाबा त्याच्या आधीच गेले होते आणि दोघा भावांची वाटणीही झाली होती. तेव्हा मी मोहाडीच्या कार्यालयात जाऊन माझ्या हिस्स्याचा हक्कसोड भावांना करून दिला. जरीकाठाची साडी मिळाली, भाऊबंदांत कौतुक झालं, मलाही बरं वाटलं. बहिणींनी सही करायची असते, एवढंच मला माहीत होतं. कोणी जबरदस्ती केली नाही, आणि विचारलंही नाही.

तर तेरवीला मामानं दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, पाटावर बसवलं. अग्नी त्यानंच दिला होता, मग पागोटं त्यालाच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. मामानं कापडाची घडी उलगडली आणि आतल्या दारातून आवाज आला.

“मामाजी, थांबा.”

भावजय उंबऱ्यात उभी होती. डोक्यावर पदर, नजर खाली. लग्न होऊन आली तेव्हापासून चार माणसांत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. मीच तिला चिडवायची की तुला माहेरून जीभ द्यायची राहिली.

“पागोटं बांधू नका,” ती म्हणाली. “ज्याचं हाये, ते आजून आलं नाई.”

मामाच्या हातात कापड तसंच लोंबत राहिलं. “मंग मी याचं काय करू? वापस नेऊ?” त्यानं विचारलं.

“मायाजवळ द्या. मी ठेवते.”

दादा पाटावरून उठला. त्याचे कान लाल झालेले मला लांबूनही दिसले. पुढे काय होतं कोण जाणे, पण कोपऱ्यात बसलेली आई बोलली. “बरोबर हाये तिचं. पोरगा होऊ द्या, मंग बांधा.” पोरगा हा शब्द भावजयीनं उच्चारला नव्हता. पण आईनं म्हटलं आणि मांडवभर ते पक्कं झालं. जेवणाच्या पंगतीत तर लोक नातवाच्या रूपाबद्दल बोलू लागले. भावजयीनं कापडाची घडी केली आणि धानाच्या ढोलीत ठेवली. बांबूच्या तट्ट्याची, शेणानं लिपलेली ती कोठी त्या दिवसांत जवळजवळ रिकामीच होती.

तिला न्यायला लाखांदूरकडून तिचे भाऊ आले होते. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं असतं. ती गेली नाही. “याच्या बापाचं घर इथं हाये,” एवढंच म्हणाली. भाऊ बिचारे एसटीनं जसे आले तसे परत गेले.

आता दादाबद्दल सांगायला हवं, नाहीतर वाचणारा त्याला लोभी समजून मोकळा होईल. दादा लोभी नाही. हट्टी आहे, कमी बोलतो, आणि एकदा डोक्यात काही शिरलं की ते काढायला दोन माणसं लागतात. त्याला भीती वाटत होती. भावजयीचं वय ते काय, उद्या माहेरचे दुसरं लग्न लावून देतील, आणि बोडीखालची बांधी परक्या हातात जाईल. धानाच्या बांध घातलेल्या वावराला आमच्याकडे बांधी म्हणतात. धाकट्याची बांधी वर, दादाची खाली. पाणी वरच्या बांधीतून खाली उतरतं. वरच्यानं पाणी अडवलं की खालच्याचं धान गेलं, इतकी साधी गोष्ट होती ती.

महिन्याभरानं तो माझ्या दुकानात आला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. “बाई, तू तिले समजाव,” तो म्हणाला. “आता वारस म्हणून आईचं नाव चढन, तिचं चढन. मंग दोघी मोहाडीले येऊन सही करून देतीन. खायाले-ल्यायाले मी काही कमी पडू देत नाही. तू नाही केली का सही?”

“केली.”

“मंग?”

मी मशीनच्या सुईत दोरा ओवत बसले. मग विचारलं, “आणि पोटातल्याचं काय?”

“पोटातलं का सही करते?” असं म्हणून तो उठला. त्याच्या मते प्रश्न मिटला होता.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. भावजय सूप घेऊन तांदूळ निवडत होती. दादाचं म्हणणं मी तिला सांगितलं. मला वाटलं रडेल, चिडेल. ती तांदळातला खडा काढून बाजूला टाकत म्हणाली, “माया हिस्सा देऊन टाकीन, ताई. भाऊजीनं मांगितला, तं नाही कशी म्हणू? पण याचा हिस्सा देणं माया हाती हाये का, ते कोणाले तरी विचारा लागन.”

माझं डोकं फिरलं. “तू काय दान वाटायले बसली का इथं? उद्या हे लेकरू तुले विचारन, तवा काय सांगशील?”

“म्हणूनच विचारा लागन म्हणते,” ती म्हणाली आणि पुन्हा तांदळात डोकं घातलं.

भंडाऱ्यात एक वकीलबाई आहेत, त्यांचे ब्लाऊज माझ्याकडे शिवायला असतात. कोर्टाजवळच्या एका खोलीत बसतात. आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं गेलो. भावजयीचा सहावा महिना संपत आला होता, रस्ता खड्ड्यांचा, आणि मी वाटभर ड्रायव्हरला शिव्या घालत होते. ती मात्र दोन्ही हात पोटावर ठेवून शांत बसली होती.

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सावकाश सांगितलं. माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि त्या वेळी त्याचं लेकरू पोटात होतं, ते पुढे जिवंत जन्मलं, तर कायदा असं धरतो की ते बाप जाण्याच्या आधीच जन्मलेलं होतं. मुलगा असो की मुलगी. गेलेल्याची आई, बायको आणि ते लेकरू, तिघांचा सारखा हिस्सा. म्हणून आत्ता घाई करायची नाही, त्याची जागा राखून ठेवायची.

“तुमचा स्वतःचा हिस्सा द्यायचा की नाही, ते तुमच्या मनावर,” त्या भावजयीला म्हणाल्या. “मला विचाराल तर देऊ नका. पण लेकराचा हिस्सा तुम्हाला सोडता येत नाही. जन्मल्यावर पालक म्हणून तुमचं नाव लागेल, तरीही कोर्टाच्या परवानगीशिवाय तो विकता येणार नाही, कोणाला देताही येणार नाही.”

भावजयीनं पहिल्यांदा मान वर केली. “म्हंजे मीबी नाही देऊ शकत?”

“नाही.”

“कोणी मायापुढं रडून मांगितला तरी?”

“तरी नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. वकीलबाई माझ्याकडे बघू लागल्या, मी त्यांच्याकडे. इतकी वर्षं लोक त्यांच्याकडे काय काय मिळवायला आले असतील, पण आपले हात बांधले गेले म्हणून खूश झालेली बाई त्यांनीही पाहिली नसावी.

परतीच्या एसटीत मी विचारलं, “त्यात बरं काय झालं ग?”

“ताई, मले नाही म्हणता येत नाही,” ती म्हणाली. “लहानपणापासून नाही येत. कोणी रडलं का माया हात आपोआप पुढं जाते. मले तेच भेव वाटून राह्यलं होतं, का याचंही मी देऊन टाकीन. आता ते माया हातातच नाही. आता कोणी रडू दे.”

मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण मला भरून आलं होतं आणि ते तिला दिसू द्यायचं नव्हतं. इतके दिवस मी तिला मुखदुर्बळ समजत होते, आणि ती मुखदुर्बळ होतीच. पण आपण कुठे कच्चे पडतो हे तिला पक्कं माहीत होतं, आणि लेकराला तिथून वाचवायला ती खड्ड्यांतून भंडाऱ्याला आली होती. मोहाडीच्या कार्यालयात मी सही केली तेव्हा स्वतःबद्दल मला एवढंही माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी तिला चिडवणं कमी केलं. बंद केलं असं म्हणणार नाही.

दादाला आम्ही सगळं सांगितलं. त्याला पटलं नाही. “वकीलबाई तुई गिऱ्हाईक हाये. ते तुयाच बाजूनं बोलन,” असं मला म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन स्वतःच भंडाऱ्याला गेला. तिथे काय झालं ते मला वकीलबाईंनी नंतर दुकानात सांगितलं. हा बराच वेळ बसला होता. तिनं दुसरं लग्न केलं तर, असं विचारलं. तरी लेकराचं ते लेकराचंच, असं उत्तर मिळालं. पोरगी झाली तर, असंही विचारलं, आणि तेच उत्तर मिळालं. शेवटी बाईंनीच त्याला विचारलं, “तुमचा भाऊ आज असता आणि हे लेकरू झालं असतं, तर त्याच्या वावरावर तुम्ही बोट ठेवलं असतं का?” दादा उठला आणि निघून गेला. बाईंनी तांदूळ परत देऊ केला तर तो पायरीवर ठेवून गेला. चिन्नोरचा भात घरभर घमघमला, असं बाई सांगत होत्या.

त्यानंतर हक्कसोडाचं नाव दादानं काढलं नाही. पण नको, असंही कधी म्हणाला नाही. धाकट्याच्या बांधीतलं धान त्यानंच कापलं, भारे रचून पुंजणं लावलं, मळणीही त्यानंच करून घेतली. मळणी झाल्यावर अंगण शेणानं सारवून घेतलं आणि धाकट्याचं धान अंगणात ओतलं. मग कुडो, म्हणजे धान मोजायचं लाकडी माप, घेऊन बसला. एक ढीग आईचा. एक ढीग भावजयीचा. आणि त्यांच्या बाजूला तेवढाच तिसरा. तिन्ही ढिगांवर त्यानं झेंडूचं एकेक फूल ठेवलं.

शेजारचे म्हातारबुवा काठी टेकत आले. “हा तिसरा कोणाचा रे बा?”

“हाये एकाचा,” दादा म्हणाला. “येऊन राह्यलं ते.”

मी त्या दिवशी तिथेच होते. मला हसू आवरेना. वकीलबाई जमिनीबद्दल बोलल्या होत्या. धानाचे ढीग घाला असं त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि ज्याला अजून दात नाहीत त्याच्यासाठी एवढं धान मोजून ठेवा असं तर कोणताच कायदा सांगणार नाही. मी म्हटलं, “दादा, अरे, लेकराचा आजून पत्ता नाही आणि तू ताट वाढून बसला.”

तो हसला नाही. “कायद्यानं जलमलंच हाये ते,” तो म्हणाला. “मंग उपाशी ठेवू का?”

त्या माणसाचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं. पण एक शंकाही माझ्या मनात घर करून होती. घरात सगळेच पोरगा पोरगा करत होते. आई रोज देवापुढे तेच बोलत होती. शेजारणी भावजयीच्या चालीवरून सांगत होत्या की पोरगाच. दादानं तो ढीग पोरग्यासाठी घातला की लेकरासाठी, हे मला कळत नव्हतं, आणि विचारायला माझी जीभ रेटत नव्हती. एरवी माझी जीभ कोणासाठी थांबत नाही.

पौषात मोहाडीच्या दवाखान्यात मुलगी झाली. काळीसावळी, डोक्यावर भरपूर जावळ, आणि आवाज असा की आईच्या वाट्याचाही हिनंच आणला असं मी म्हटलं. माझ्या आईनं दुपटं उघडून तिचे हातपाय पाहिले. मग म्हणाली, “असो. हातीपायी धड हाये.” मी मामाला फोन केला. तो म्हणाला, “मंग त्या पागोट्याचं आता काय अडलं? बारशाले येतो, थोरल्याले बांधून टाकू.” फोन स्पीकरवर होता. दादानं ऐकलं आणि दवाखान्याबाहेर निघून गेला.

बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्या शिजत होत्या, आणि मामा नव्या धोतरात, जणू बारसं त्याचंच आहे. नाव ठेवून झालं. मामानं पाट मांडला आणि म्हणाला, “आणा ते कापड.”

भावजय उठली. नव्या धानानं भरलेल्या ढोलीवरून तिनं घडी काढली आणि माझ्या हातात दिली. सवयीनं माझी बोटं कापडावर फिरली आणि थांबली. हे ते कापडच नव्हतं. खळ नाही, कडकपणा नाही. जुन्या लुगड्याइतकं मऊ.

“काय केलं तू याचं?” मी विचारलं.

“धुतलं, ताई. धुवायचं, वाळवायचं, परत धुवायचं. नवं कापड लेकराले टोचते ना.”

“कवापासून?”

“तेरवीच्या दुसऱ्या दिवसापासून.”

जन्मभर कापडात हात घालणारी मी, मला ते सुचलं नव्हतं. आम्ही सगळे पागोटं बांधता येईल अशा पोराची वाट पाहत होतो. ही एकटी लेकराची वाट पाहत होती. मुलगा की मुलगी, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. मी कापड तसंच हातात धरून उभी राहिले.

“ये, बस,” मामानं दादाला हाक मारली.

दादा आला. पाटाजवळ उभा राहिला, बसला नाही. “मामा,” तो म्हणाला, “ज्याचं हाये त्याले बांधा.”

“पोरीले?” मामा ओरडलाच. “पोरीले पागोटं कुठं पाह्यलं तू?”

“तिसरा ढीग घातला तवा म्या विचारलं होतं का, पोरगा हाये का पोरगी?”

“मी नाही बांधत.”

“नका बांधू,” दादा म्हणाला. त्यानं माझ्या हातातून कापड घेतलं आणि पाळण्याजवळ जमिनीवर बसला. धानाचे भारे बांधणारे ते हात, आणि ते एवढंसं डोकं. पहिला वेढा नीट बसला, दुसरा डोळ्यांवर आला. तो त्यानं वर सरकवला. कापड कितीतरी उरलं, ते त्यानं तिच्या अंगाभोवती गुंडाळलं. नाक तेवढं बाहेर राहिलं. ती शिंकली आणि पुन्हा झोपली.

मग दादानं हात जोडले आणि पाळण्याच्या काठाला कपाळ लागेपर्यंत वाकला.

त्याच्यामागून आई उठली. गुडघे धरत आली, नातीपुढे वाकली आणि तिचा गालगुच्चा घेऊन गेली. मी वाकले तेव्हा मला माझी जरीकाठाची साडी आठवली. पेटीत आहे ती, अजून धड आहे. माझ्या डोक्याला कधी कोणी कापड लावलं नाही, याचं मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की मी पदर तोंडाला लावला. आणि त्याच क्षणी आनंदही झाला, तोही खराच होता. मामा शेवटी आला. कुरकुरत का होईना, स्वतःच आणलेल्या कापडापुढे वाकला.

बायका घुगऱ्या घ्यायला उठू लागल्या. तेवढ्यात भावजय बोलली. दिलेला शब्द तिला टोचत असणार, तिचा स्वभावच तो. “भाऊजी,” ती म्हणाली, “माया हिस्स्याची सही राह्यली हाये. मोहाडीले कवा जायाचं?”

सगळ्या जिथल्या तिथे थांबल्या. मी तिला चिमटा काढणार होते, पण दादाच आधी बोलला. तो पाळण्यात वाकून कापडाचं सुटलेलं टोक खोचत होता, मान वर न करता म्हणाला, “आता या घरात मालकीण हाये. ते झोपून हाये. उठली का तिले विचारू, तुया हिस्सा मले घेऊ देते का नाही.”

ती आता चालायला लागली आहे. दादाचं बोट धरून बोडीच्या बांधावर फिरते, आणि पाणी कुठून कुठे उतरतं ते तो तिला दाखवतो. त्यानं अजून तिला विचारलेलं नाही.